डॅफनी कारुआना गालिझिया : जीवन, पत्रकारिता आणि खून खटला – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅफनी कारुआना गालिझिया कोण होत्या?

माल्टा या भूमध्य समुद्रातल्या छोट्या बेटराष्ट्रातल्या त्या पत्रकार. वृत्तपत्रातला स्तंभ, एक मासिक आणि ‘रनिंग कॉमेंटरी’ हा ब्लॉग अशा तीन आघाड्या त्यांनी एकाच वेळी सांभाळल्या. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी घराजवळ त्यांच्या गाडीत बॉम्बस्फोट घडवून त्यांचा खून करण्यात आला. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. जगाला त्या खुनामुळे माहीत झाल्या, पण माल्टात त्याआधी जवळजवळ तीस वर्षं त्यांचं नाव घरोघरी होतं. काही घरांत आदराने, काही घरांत संतापाने.

त्यांचं बालपण आणि शिक्षण कुठे झालं?

जन्म २६ ऑगस्ट १९६४, स्लीमा या किनाऱ्यावरच्या शहरात. माहेरचं आडनाव व्हेला. शाळा इम्दीनाच्या सेंट डोरोथीज कॉन्व्हेंटमध्ये, पुढचं शिक्षण बिर्किरकाराच्या सेंट अ‍ॅलॉयशियस कॉलेजात. १९८५ मध्ये वकील पीटर कारुआना गालिझिया यांच्याशी लग्न झालं आणि पुढच्या तीन वर्षांत मॅथ्यू, अँड्र्यू आणि पॉल हे तीन मुलगे झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी मुलं शाळेत जायला लागल्यावर घेतली. विषय पुरातत्त्वशास्त्र, वर्ष १९९७.

लग्नाच्या आधीची एक घटना मात्र विसरून चालत नाही. वयाच्या १९व्या वर्षी, मजूर पक्षाच्या सरकारविरोधातल्या निदर्शनात त्यांना पोलिसांनी पकडून कोठडीत टाकलं. त्या काळात चर्चच्या शाळांवरून सरकार आणि चर्च यांच्यात उघड संघर्ष चालू होता. पोलीस आणि सत्ताधारी पक्ष यांच्यातली सीमारेषा पुसली गेली की नागरिकाचं काय होतं, हे त्यांनी तेव्हा आतून पाहिलं. पुढच्या सगळ्या लेखनात हा विषय पुन्हा पुन्हा येतो.

पत्रकारितेत त्या कशा आल्या?

१९८७ मध्ये ‘द संडे टाइम्स ऑफ माल्टा’त वार्ताहर म्हणून. १९९० पासून त्याच वृत्तपत्रात नियमित स्तंभ. १९९२ मध्ये ‘द माल्टा इंडिपेंडंट’ सुरू झालं तेव्हा त्या तिथे सहयोगी संपादक होत्या. १९९६ नंतर त्यांचा स्तंभ इंडिपेंडंटच्या रोजच्या आणि रविवारच्या अंकांत शेवटपर्यंत चालू राहिला. खाद्यपदार्थ, घरसजावट आणि बागकाम यांना वाहिलेलं ‘टेस्ट अँड फ्लेअर’ हे मासिक त्या स्वतः संपादित करत. राजकीय लेखनाच्या गदारोळात या मासिकाचा उल्लेख सहसा गळून पडतो. तो गळू नये, कारण घरात नियमित पैसा येण्याची ती एक भरवशाची वाट होती आणि मांडणी, छायाचित्रं यांवर त्या मनापासून मेहनत घेत.

‘माल्टाची पहिली महिला पत्रकार’ असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं दिसतं. खरं आहे का?

नाही. मेबल स्ट्रिकलंड यांनी १९३५ मध्ये ‘टाइम्स ऑफ माल्टा’ काढलं आणि १९५० पर्यंत त्या त्याच्या संपादक होत्या. दुसऱ्या महायुद्धात बेटावर बॉम्बवर्षाव चालू असताना एकही अंक न चुकवता त्यांनी ते चालवलं. डॅफनी यांचं वेगळेपण दुसरं आहे. माल्टात राजकीय स्तंभ टोपणनावाने किंवा निनावी लिहिण्याची रीत होती, त्यांनी स्वतःचं नाव आणि छायाचित्र घालून नियमित लिहिलं. सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या देशात, जिथे मंत्री, त्याचा मेहुणा आणि तुमचा दुकानदार एकमेकांना ओळखतात, तिथे नाव घालून लिहिणं म्हणजे रोज बाजारात त्याच लोकांसमोर उभं राहणं.

त्या रेडिओ-टीव्हीवर का गेल्या नाहीत?

हे समजायला माल्टातलं प्रसारण कसं चालतं ते पाहावं लागतं. तिथे १९३५ पासून ‘रेडिफ्यूजन’ ही तारेवरून घरोघरी पोचणारी रेडिओसेवा होती. पुढे सरकारी वाहिनीची मक्तेदारी आली. १९९१ च्या कायद्याने ती मोडली, पण मोकळ्या झालेल्या जागेत दोन मुख्य राजकीय पक्ष स्वतःच्या वाहिन्या घेऊन उतरले : मजूर पक्षाची ‘वन’ आणि नॅशनॅलिस्ट पक्षाची ‘नेट’. म्हणजे पर्याय तीन : सरकारची वाहिनी, एका पक्षाची किंवा दुसऱ्या पक्षाची. पक्षांच्या वाहिन्यांवरून थेट राजकारणात जाणं तिथे नेहमीचं आहे. पंतप्रधान झालेले जोसेफ मस्कत हेही आधी मजूर पक्षाच्या माध्यमांत पत्रकार होते.

अशा रचनेत कोणाच्याही पगारावर नसलेला आवाज उभा राहायला जागाच नव्हती. ब्लॉगने ती दिली.

‘रनिंग कॉमेंटरी’ नेमका कसा चालायचा?

मार्च २००८ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर तो सुरू झाला. लेखक एकच, संपादक तीच, कायदा सल्लागार नाही, कार्यालय नाही. काम घरातून चालायचं. दिवसाला कित्येक नोंदी पडत, कधी दोन ओळींच्या, कधी कागदपत्रांच्या छायाप्रतींसह लांबलचक. वाचकांच्या प्रतिक्रिया त्या स्वतः तपासून प्रसिद्ध करत आणि बऱ्याच प्रतिक्रियांना तिथेच उत्तर देत.

माहिती येण्याचा मार्ग असा होता : कोणी सरकारी नोकर, बँकेतला कर्मचारी किंवा निव्वळ शेजारी काहीतरी पाहतो, कळवतो. त्या ते दुसऱ्या कागदाशी ताडून बघतात. पूर्ण पुरावा हातात असेल तर सगळं छापतात, नसेल तर आधी सूचक नोंद टाकतात आणि समोरचा काय करतो ते बघतात. त्या सूचक नोंदीमुळे अनेकदा आणखी माणसं बोलायला पुढे येत. मोठ्या दिवशी ब्लॉगला चार लाखांच्या आसपास भेटी होत, असं २०१६ मध्ये ‘पोलिटिको’ने लिहिलं. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेचार लाखांच्या घरात होती. देशातल्या सगळ्या वृत्तपत्रांचा एकत्र खपही तेवढा नव्हता.

या पद्धतीचा कच्चा दुवाही तोच होता : सगळं एकाच व्यक्तीपाशी. वृत्तपत्रात बातमी अंगावर आली तर संपादक, मालक, वकील यांच्यात भार वाटला जातो. इथे प्रत्येक नोटीस, प्रत्येक शिवी आणि शेवटी बॉम्बही एकाच पत्त्यावर गेला.

त्यांच्या लेखनावर टीका होते, ती रास्त आहे का?

काही अंशी हो. त्या राजकारण्यांच्या कपड्यांवर, बोलण्याच्या लकबीवर, नात्यांवर लिहीत, आणि त्यात वर्गाचा अहंकार दिसे. त्यांचा कल नॅशनॅलिस्ट पक्षाकडे असल्याचा आरोप कायम झाला. पण २०१७ मध्ये त्या पक्षाचे नवे नेते अ‍ॅड्रियन डेलिया यांच्यावरही त्यांनी तितक्याच कडकपणे लिहिलं आणि डेलिया यांनीही त्यांच्यावर दावे ठोकले. टोमण्यांच्या नोंदी आणि कागदपत्रांच्या नोंदी एकाच पानावर असल्यामुळे विरोधकांना एकाचं बोट दाखवून दुसरं झाकायला सोपं गेलं. वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर त्यांच्या कामाचं वजन कळतं.

पनामा पेपर्स त्यांनीच बाहेर काढले का?

सर्वांत जास्त होणारी गफलत हीच. पनामा पेपर्स हे मोसॅक फोन्सेका या पनामातल्या कायदेसंस्थेतून फुटलेल्या कागदांवर आंतरराष्ट्रीय पत्रकारांच्या गटाने केलेलं काम, प्रसिद्धी एप्रिल २०१६. त्या गटात डॅफनी नव्हत्या. त्यांचे थोरले पुत्र मॅथ्यू मात्र त्या संघटनेत काम करत होते.

डॅफनी यांनी केलं ते असं : एप्रिलच्याही आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्यांनी ब्लॉगवर संकेत दिला की तेव्हाचे ऊर्जामंत्री कोनराड मित्सी यांचा पनामा आणि न्यूझीलंडशी आर्थिक संबंध आहे. दोनच दिवसांत मित्सी यांना स्वतःच्या न्यूझीलंडमधल्या ट्रस्टची कबुली द्यावी लागली. पंतप्रधान मस्कत यांच्या कार्यालयाचे प्रमुख (चीफ ऑफ स्टाफ) कीथ स्केंब्री यांचीही तशीच व्यवस्था असल्याचं पुढे आलं. दोघांच्या पनामातल्या कंपन्यांची नावं हर्नव्हिल आणि टिलगेट. मार्च २०१३ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आल्यानंतर लगेचच त्यांची जुळवाजुळव सुरू झाली होती. एप्रिलमध्ये जगभर कागद प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांच्या नोंदीला आधार मिळाला. तरीही दोघेही पदावर राहिले. पोलिसांनीही तातडीने कारवाई केली नाही, आणि पुढच्या सगळ्याची मुळं त्या न झालेल्या कारवाईत आहेत.

‘सेव्हन्टीन ब्लॅक’ हे काय प्रकरण आहे?

फेब्रुवारी २०१७ मध्ये डॅफनी यांनी ब्लॉगवर ‘सेव्हन्टीन ब्लॅक’ या दुबईतल्या कंपनीचं नाव छापलं, सोबत काही राजकारण्यांचे फोटो. मालक कोण, हे त्यांनी लिहिलं नाही. त्या हयात असेपर्यंत ते जाहीर झालंच नाही.

एप्रिल २०१८ मध्ये त्यांचं काम पुढे नेणाऱ्या पत्रकारांनी एक ईमेल प्रसिद्ध केला. मित्सी आणि स्केंब्री यांच्या पनामातल्या कंपन्यांना सेव्हन्टीन ब्लॅक आणि मॅकब्रिज या दोन कंपन्यांकडून वर्षाला २० लाख डॉलरपर्यंत पैसे येणं अपेक्षित आहे, असं त्यांच्या हिशेबनिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये त्यात लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये रॉयटर्स आणि टाइम्स ऑफ माल्टा यांनी मालकाचं नाव दिलं : उद्योजक योर्गेन फेनेक. डेलिमारा इथे वायूवर चालणारं वीजकेंद्र उभारण्याचं कंत्राट मिळालेल्या ‘इलेक्ट्रोगॅस’ गटाचे ते संचालक आणि भागीदार होते. पैसे प्रत्यक्षात पोचल्याचं त्या ईमेलमध्ये नाही, योजना असल्याचं आहे. हा फरक लिहिताना पाळावा.

‘एग्रँट’चा आरोप खरा ठरला का?

चौकशीत नाही. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं की एग्रँट ही पनामातली तिसरी कंपनी पंतप्रधानांच्या पत्नी मिशेल मस्कत यांच्या मालकीची आहे आणि त्याचे कागद ता श्बीश इथल्या पिलाटस बँकेत आहेत. मुख्य आधार त्या बँकेतल्या एका माजी कर्मचारी स्त्रीची साक्ष होता. मस्कत यांनी आरोप नाकारला, स्वतःच न्यायिक चौकशी मागितली आणि मुदतपूर्व निवडणूक जाहीर करून ३ जून २०१७ ला मोठ्या फरकाने जिंकली. न्यायाधीश आरॉन बुजेया यांची चौकशी सुमारे १५ महिने चालली. जुलै २०१८ मध्ये निष्कर्ष आला : मस्कत दांपत्याचा एग्रँटशी संबंध दाखवणारा पुरावा नाही, आणि मालकी दाखवणाऱ्या कागदावरची सही खोटी आहे.

त्याच बँकेबद्दलच्या त्यांच्या इतर शंका मात्र हवेत विरल्या नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपियन मध्यवर्ती बँकेने पिलाटसचा परवानाच काढून घेतला.

याशिवाय कोणते विषय त्यांनी आधी मांडले आणि नंतर मोठे झाले?

दोन ठळक. पहिला, पारपत्रांची विक्री. श्रीमंत परदेशी माणसाने ठरावीक रक्कम भरली की माल्टाचं, म्हणजे पर्यायाने युरोपियन युनियनचं नागरिकत्व. सुरुवातीची मुख्य रक्कम साडेसहा लाख युरो होती. एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत युरोपियन कायद्याविरुद्ध ठरवली. दुसरा, तीन सरकारी रुग्णालयं अननुभवी खासगी कंपनीला देण्याचा करार. फेब्रुवारी २०२३ मध्ये माल्टाच्या न्यायालयाने तो रद्द केला.

त्यांच्यावर किती दावे होते आणि बँक खातं कसं गोठवलं गेलं?

मृत्यूच्या वेळी सुमारे ४७ दावे चालू होते. त्यांत ४२ दिवाणी, ५ फौजदारी. एका व्यावसायिकाने तर एकाच बातमीच्या मालिकेवर एका दमात १९ दावे दाखल केले होते. दावा जिंकणं हा अशा वेळी मुख्य हेतू नसतोच. प्रत्येक दाव्याला वेगळं उत्तर, वेगळं शुल्क, वेगळी तारीख. १९ तारखांना हजर राहणारी पत्रकार लिहिणार कधी?

खातं गोठवण्याची पायरी याहून कडक. तेव्हाच्या माल्टी कायद्यात वादी दाव्यासोबतच अर्ज करू शकत असे की ‘मी जिंकलो तर भरपाई मिळावी म्हणून प्रतिवादीचे पैसे आत्ताच अडकवा’. त्यावर न्यायालयाचा आदेश निघायचा, तो थेट बँकेला जायचा आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत तेवढी रक्कम अडकून राहायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री क्रिस कार्डोना आणि त्यांच्या सल्लागाराने, जर्मनी दौऱ्याविषयीच्या बातमीवरून, असे आदेश मिळवले. एकूण रक्कम ४७,४६० युरो. वाचकांनी ऑनलाइन वर्गणी काढून तेवढी रक्कम न्यायालयात भरण्याची तजवीज केली, तरी बँकेचे हेलपाटे संपले नाहीत.

खुनाआधी त्यांना धमक्या आल्या होत्या का?

वर्षानुवर्षं. १९९० च्या दशकात घराचा दरवाजा पेटवला गेला. घरच्या कुत्र्याचा गळा चिरून तो उंबऱ्यात टाकला गेला. २००६ मध्ये रात्री घराच्या मागच्या बाजूला टायर रचून आग लावली. घरातले झोपलेले होते. बाहेरून उशिरा परतलेल्या मुलामुळे वेळीच कळलं. २०१३ च्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी, प्रचारबंदी मोडून ब्लॉगवर व्हिडिओ टाकल्याच्या तक्रारीवरून पोलीस रात्री घरी येऊन त्यांना घेऊन गेले. पूर्वी घरासमोर पोलीस पहारा असायचा. तो हळूहळू कमी होत गेला आणि खुनाच्या वेळी नव्हता.

१६ ऑक्टोबर २०१७ रोजी काय घडलं?

दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी त्यांची शेवटची नोंद प्रसिद्ध झाली. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं की आता जिकडे पाहावं तिकडे बदमाश आहेत, परिस्थिती बिकट आहे. त्या दिवशी त्यांना बँकेत जायचं होतं, त्याच गोठवलेल्या खात्याच्या कामासाठी. खातं बंद असल्यामुळे पतीने सह्या करून दिलेले धनादेश त्या वापरत. घराबाहेर पडल्या, चेकबुक विसरलं म्हणून परत आल्या, ते घेतलं आणि भाड्याच्या प्यूजो १०८ गाडीत बसून निघाल्या. तीन वाजण्याच्या सुमारास बिदनीया गावातल्या उतारावर स्फोट झाला. गाडी शेजारच्या शेतात जाऊन पडली. घरात असलेला मॅथ्यू अनवाणी धावत पोचला, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मारेकरी कसे सापडले?

मोबाइल टॉवरच्या नोंदींमधून. एफबीआय, नेदरलँड्स आणि फिनलंडच्या तज्ज्ञांची मदत होती. बॉम्ब एका एसएमएसने उडवला गेला, म्हणून तपासाचा पहिला प्रश्न साधा होता : त्या क्षणी बिदनीयाच्या टॉवरवरून कोणता क्रमांक कायमचा गायब झाला? तो सापडल्यावर, त्याला संदेश पाठवणारा क्रमांक सापडला. तो राजधानी व्हॅलेटाच्या किनाऱ्यालगत समुद्रात होता. त्या वेळी ग्रँड हार्बरच्या तोंडाशी ‘माया’ नावाची छोटी नौका कॅमेऱ्यात दिसत होती.

गुन्ह्यासाठी वेगळे फोन वापरले होते, पण जॉर्ज देजॉर्जिओ नौकेवर स्वतःचा नेहमीचा फोनही घेऊन गेला होता. ऐन वेळी शिल्लक संपत आली म्हणून त्याने एका ओळखीच्याला फोन करून पाच युरोचं रिचार्ज करायला सांगितलं. दोन्ही फोन एकाच जागी असल्याचं त्या एका कॉलने दाखवून दिलं. ४ डिसेंबर २०१७ रोजी मार्सा बंदरातल्या गोदामावर छापा पडला. जॉर्ज, त्याचा भाऊ आल्फ्रेड आणि विन्स मस्कत यांच्यावर आरोप ठेवले गेले. फेकून दिलेले फोन पाणबुड्यांनी समुद्राच्या तळातून काढले. (हा विन्स मस्कत माजी पंतप्रधानांचा नातेवाईक नव्हे. माल्टात मोजकीच आडनावं फार पसरलेली आहेत.)

सुपारी देणारा कोण, हा प्रश्न कसा पुढे सरकला?

दोन वर्षं तो अडकून पडला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये मेल्विन तेउमा या टॅक्सीचालकाला बेकायदा सावकारी आणि जुगाराच्या प्रकरणात पकडलं, तेव्हा त्याच्याजवळ आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा होता. डब्यात गुपचूप केलेली ध्वनिमुद्रणं आणि कीथ स्केंब्री यांच्यासोबतचा त्याचा फोटो. आपला काटा काढला जाईल या भीतीने त्याने ते जपून ठेवलं होतं. सगळं खरं सांगण्याच्या अटीवर त्याला माफी मिळाली. सुपारी दीड लाख युरोची, त्यातले ३० हजार आगाऊ, असं त्याने न्यायालयात सांगितलं.

२० नोव्हेंबरच्या पहाटे योर्गेन फेनेक आपल्या आलिशान नौकेतून बंदर सोडत असताना सैन्याच्या गस्ती बोटीने अडवले गेले. खुनात सहभागाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला, तो त्यांनी नाकारला आहे. त्याच आठवड्यात स्केंब्री आणि मित्सी यांनी राजीनामे दिले. व्हॅलेटात रोज संध्याकाळी हजारोंची गर्दी जमू लागली. १ डिसेंबरला जोसेफ मस्कत यांनी पायउतार होण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट आबेला पंतप्रधान झाले.

आतापर्यंत कोणाला काय शिक्षा झाली?

विन्स मस्कत : फेब्रुवारी २०२१ मध्ये गुन्हा कबूल, १५ वर्षं. त्याच्या साक्षीतून कळलं की आधी बंदुकीने मारायचं ठरलं होतं, बॉम्बचा विचार नंतर आला. देजॉर्जिओ बंधू : ऑक्टोबर २०२२ मध्ये खटल्याच्या पहिल्याच दिवशी कबुली, प्रत्येकी ४० वर्षं. बॉम्ब पुरवणारे रॉबर्ट एजियस आणि जेमी व्हेला : जून २०२५ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, जन्मठेप.

सार्वजनिक चौकशीत काय निष्पन्न झालं?

सरकारने ही चौकशी आपणहून लावली नाही. कुटुंबाने मागणी लावून धरली, युरोप परिषदेने २०१९ मध्ये मुदत घातली, तेव्हा ती नेमली गेली. मायकल मालिया, जोसेफ सेद पुलिचिनो आणि अबिगेल लोफारो या तिघा आजी-माजी न्यायाधीशांनी जुलै २०२१ मध्ये ४३७ पानांचा अहवाल दिला. सरकारने खून करवला असं त्यात म्हटलेलं नाही. म्हटलं आहे ते हे : पंतप्रधान कार्यालयाच्या केंद्रापासून शिक्षामुक्तीचं वातावरण तयार झालं, ते पोलीस आणि नियामक संस्थांपर्यंत पसरलं, सत्ताधाऱ्यांनी डॅफनी यांना एकटं पाडलं, आणि त्यांच्या जिवाला असलेला धोका ओळखून पावलं उचलण्यात राज्यसंस्था कमी पडली. म्हणून जबाबदारी राज्यसंस्थेची.

या केसमधला सगळ्यात मोलाचा दस्तऐवज आमच्या मते हाच. खटल्यात ‘कोणी केलं’ एवढंच विचारलं जातं. ‘करायची हिंमत कशी झाली’ हे इथे विचारलं गेलं.

त्यांच्या मृत्यूनंतर त्या दाव्यांचं काय झालं? ‘डॅफनी कायदा’ म्हणजे काय?

फौजदारी दावे मृत्यूबरोबर संपले. दिवाणी दावे वारसांवर आले, म्हणजे पती आणि मुलांना आईच्या लेखनाची बाजू न्यायालयात मांडत बसावं लागलं. २०१८ च्या नव्या माध्यम कायद्याने माल्टात फौजदारी बदनामी रद्द झाली आणि बदनामीच्या दाव्यात खातं आधीच गोठवण्याची वाटही बंद झाली.

युरोपियन युनियनचा २०२४ चा निर्देश त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार उघडउघड निराधार दावा न्यायालय सुरुवातीलाच फेटाळू शकतं, दावा निराधार नाही हे सिद्ध करण्याचा भार वादीवर येतो, खर्चासाठी वादीकडून तारण मागता येतं आणि त्रास देण्यासाठी दावा केला असेल तर दंड होतो. सदस्य देशांना अंमलबजावणीसाठी मे २०२६ पर्यंत मुदत दिली गेली. मर्यादा मोठी आहे : हा निर्देश फक्त सीमापार परिणाम असलेल्या दिवाणी दाव्यांना लागू होतो. डॅफनी यांच्यावरचे बहुतेक दावे माल्टातल्या माल्टातच होते.

भारतातल्या, महाराष्ट्रातल्या वाचकाने यातलं काय ताडून पाहावं?

कायद्यातला फरक. भारतात बदनामी अजून फौजदारी गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती तरतूद घटनात्मक ठरवली आणि भारतीय न्याय संहितेत ती कलम ३५६ म्हणून कायम आहे, कमाल शिक्षा दोन वर्षं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. पण त्यात मारहाण आणि मालमत्तेचं नुकसान येतं, दाव्यांचा मारा येत नाही.

बंगळूरूत गौरी लंकेश यांचा खून झाला ५ सप्टेंबर २०१७ रोजी, डॅफनी यांच्या ४१ दिवस आधी. युरोपियन संसदेचा डॅफनी यांच्या नावाचा पहिला पत्रकारिता पुरस्कार २०२१ मध्ये मिळाला तो पेगॅसस हेरगिरीच्या शोधपत्रकारितेला. त्या गटात भारतातलं ‘द वायर’ही होतं.

व्हॅलेटात त्यांचं स्मारक कुठे आहे?

न्यायालयासमोरच्या ग्रेट सीज स्मारकाच्या पायथ्याशी लोकांनी फुलं, मेणबत्त्या आणि फोटो ठेवायला सुरुवात केली. सरकारच्या आदेशाने ते रोज रात्री साफ केलं जाई, सकाळी लोक पुन्हा ठेवत. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हे साफ करणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. दर महिन्याच्या १६ तारखेला लोक तिथे जमू लागले.

त्यांचा ब्लॉग आज वाचता येतो का? कुठून सुरुवात करावी?

येतो. त्यांच्या पूर्ण नावाच्या संकेतस्थळावर जुन्या नोंदी आहेत, भाषा इंग्रजी. पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. हजारो नोंदी आहेत आणि स्थानिक नावांच्या गर्दीत दहा मिनिटांत वाट चुकते. फेब्रुवारी ते मे २०१६ हे चार महिने आधी घ्या, मग फेब्रुवारी ते जून २०१७. प्रत्येक ठिकाणी आधी तारीख बघा, नोंद त्या दिवशी काय माहीत होतं ते सांगते. नंतर त्याच नावावर चौकशी अहवाल किंवा न्यायालयाचा निकाल आहे का ते शोधा, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. नोंदीखालच्या प्रतिक्रिया वगळू नका. त्यांची सडेतोड उत्तरं तिथे आहेत, आणि बातमीचा पुढचा धागाही कधीकधी तिथेच मिळतो.